आमदाराचं पहिलं भाषण

निवडणूक मंगळवारी झाली, निकाल बुधवारी कळला आणि गुरुवारी लाटवेर्क, म्हणजे सफरचंदाचा दाट मुरंबा, शिजवायचं होतं. त्यामुळे धाकटा दीर आमदार झाल्याचा आनंद लिडियाला सवडीने करताच आला नाही. दीर वर्षभर आमदार राहणार होता. सोललेली सफरचंदं मात्र संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबली नसती.

उजाडायच्या आत तिने आणि तिच्या नवऱ्याने, डॅनिएलने, अंगणात तांब्याची काहील चढवून खाली हिकरीची लाकडं पेटवली होती. सफरचंदाचा रस आटून निम्मा झाला की त्यात फोडी घालायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत ढवळायचं. हात थांबला की तळाला लागलंच. एकदा लागलं की वर्षभर भाकरीवर करपट वास खायचा. म्हणून खोऱ्यातली शेजारची घरं या दिवशी डॅनिएल झिमरमानच्या शेतावर जमत, आळीपाळीने दांडा धरत आणि जाताना एकेक बरणी घेऊन जात.

यंदा लिडियाचं चित्त काहिलीत नव्हतं. ते पायरीवर बसलेल्या चार वर्षांच्या फेबीत होतं.

मुलगा पीटर तिला काल संध्याकाळी फिलाडेल्फियाहून घेऊन आला होता. सूनबाईचे दिवस भरत आले होते, म्हणून महिना-दीड महिना पोरीला आजीकडे ठेवायचं होतं. लिडियाने रात्री तिला गोधडीत गुंडाळलं, सकाळी दूध दिलं, वेणी घातली. आणि या सगळ्यात दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळलं नव्हतं. फेबीला फक्त इंग्रजी येत होतं. लिडियाला फक्त जर्मन. मघाशी पोरगी रडत काहीतरी मागत होती. लिडियाने पाणी आणलं, पाव आणला, मांजर आणलं. शेवटी पीटरने येऊन सांगितलं, "आई, तिला बूट काढून हवेत. चावतायत."

"मग तसं सांगायचं ना तिनं," लिडिया म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच ओशाळली.

डॅनिएल लाकडं फोडत होता. लेक आल्यापासून तो त्याच्याशी हवापाण्यावरच बोलत होता. सहा वर्षांपूर्वी पीटरने फिलाडेल्फियात दुकान थाटलं आणि पाटीवर झिमरमानच्या जागी 'कार्पेंटर' लिहिलं. डॅनिएलच्या धाकट्या भावाला, योस्टला, तेव्हा हसू आलं होतं. "दादा, सुतार तो सुतारच राहिला की! भाषा तेवढी बदलली." डॅनिएलला हसू आलं नव्हतं. अजूनही येत नव्हतं.

दिवस वर आला तशी योस्टची गाडी फाटकात शिरली. योस्ट, त्याची बायको मार्गारेटा आणि एकोणीस वर्षांची लेक बार्बरा. गाडीत मागे नुकत्याच छापलेल्या अंकांचा गठ्ठा होता. योस्टचं वर्तमानपत्र आठवड्याला एकदा निघायचं, आपल्या भाषेत. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ 'निरोप्या', आणि सगळे त्याला तेवढंच म्हणत.

"आले, आले! आमदारसाहेब आले!" शेजारचा कास्पर हिल्बर्ट ओरडला. "दांडा द्या त्यांच्या हातात. सरकारचं काम नंतर!"

डॅनिएल कुऱ्हाड टाकून धावला आणि भावाला मिठी मारून त्याने जमिनीवरून उचललं. हा विजय त्याचाही होता. सप्टेंबरभर तो घोडीवर बसून शेतोशेत हिंडला होता. एरवी चर्चमध्येसुद्धा तोंड न उघडणारा डॅनिएल लोकांच्या कोठारात उभा राहून सांगत होता, "माझ्या भावाला मत द्या. तो ती शाळेची पट्टी उडवेल."

शाळेची पट्टी म्हणजे एप्रिलात राजधानीत, हॅरिसबर्गला, मंजूर झालेला कायदा. गावोगाव सगळ्यांच्या पोरांसाठी फुकट शाळा, आणि तिच्या खर्चासाठी सगळ्यांवर कर. खोऱ्यात त्यावरून रान उठलं होतं. पैसे आपले आणि शिकवणार इंग्रजी. योस्टने यावर लागोपाठ अग्रलेख लिहिले. लोकांनी ते कोठारांच्या दारांवर चिकटवले, आणि त्यातूनच कुणीतरी म्हणालं होतं, लिहितोस कशाला, जाऊन बस तिथेच.

"वहिनी, किती काळवंडलात धुरानं," योस्ट म्हणाला.

"तुम्ही उजळलात ना भाऊजी, मग झालं," लिडिया म्हणाली. "टोपी काढा आता. काहिलीपुढे आमदार आणि गडी सारखेच."

मार्गारेटा पाट घेऊन लिडियाशेजारी फोडी निवडायला बसली. दोघी जावांचं एकमेकींशी जमायचं, नवऱ्यांपेक्षा जास्त.

"उजळले कसले," ती हळूच म्हणाली. "झोप उडालीये. पहाटे छापखान्यात जाऊन यंत्रासमोर उभे राहतात आणि इंग्रजीत भाषण म्हणतात. 'अध्यक्ष महाराज' एवढं चांगलं येतं. पुढे गाडी रुतते."

"अगं, पण ते तर इंग्रजी पेपर वाचतात!"

"वाचतात. वाचणं वेगळं, चार वकिलांपुढे उभं राहून बोलणं वेगळं. ज्यांच्या लेखणीला न्यायाधीश घाबरतो, ते माझे मालक आता तोंडात गुळणी धरून बसणार तिथे." तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. "कुणाला सांगू नकोस हं. दादांना तर नाहीच."

बार्बरा तोवर पायरीवर फेबीशेजारी जाऊन बसली होती. तिलाही इंग्रजी यायचं, पण ते सगळं वडिलांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना शिकलेलं. इंग्रजीत 'निरोप्या'कडे छापायला यायच्या त्या फक्त लिलावाच्या जाहिराती. त्यामुळे तिने फेबीच्या हातात सफरचंद ठेवलं आणि अतिशय गंभीर इंग्रजीत म्हणाली, "तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, सदर सफरचंद उत्तम स्थितीत असून जसे आहे तसे देण्यात येईल."

फेबी डोळे मोठे करून बघत राहिली. विहिरीपाशी पीटर पोट धरून हसायला लागला.

"काय झालं?" बार्बरा म्हणाली. "बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे. आता तिला घोडीचं वय आणि दातही सांग."

मग फेबीही हसली. का ते तिला कळलं नव्हतं, पण बाप हसतोय एवढं पुरेसं होतं. ती सफरचंद चावत बार्बराच्या मांडीवर चढली. लिडियाने ते काहिलीआडून पाहिलं. बरं वाटलं, आणि त्याच वेळी हेवाही वाटला.

दुपार व्हायच्या सुमारास फोडी पडल्या आणि खरं काम सुरू झालं. दांडा माणसाच्या दुप्पट लांब, दोघांनी धरायचा. रीत अशी की जाणती पोरं आणि पोरी जोडीने धरत आणि बाकीचे त्यांना चिडवत. पण पहिली पाळी घरच्यांची. दोन्ही भाऊ दांड्याला लागले.

बार्बरा टोपलीतून फोडी टाकत होती. अर्धी टोपली झाल्यावर ती थांबली. योस्टने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं, काहीतरी येतंय. खिळ्यांच्या पेटीसमोर चूक सापडली की तिचं तोंड असंच व्हायचं.

"बाबा," ती म्हणाली. "शाळा समितीची माणसं परवा माझ्याकडे आली होती."

"कुठली समिती?" डॅनिएलने विचारलं.

"गावची. कायद्याप्रमाणे निवडलेली. पुढच्या महिन्याच्या सभेत गावाने पट्टी मान्य केली, तर मका घरात आला की शाळा उघडायची म्हणतात. मला विचारलं, शिकवशील का?" तिने श्वास घेतला. "मी हो म्हटलं."

दांडा थांबला.

"ढवळा!" लिडिया ओरडली. "ढवळा आधी! लागेल!"

भावांनी ढवळायला घेतलं. डॅनिएलच्या मानेवर शीर उठली होती. तो काहिलीकडे बघत भावाशी बोलला.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"शपथ?"

"दादा, मला आत्ता कळतंय. तुझ्याबरोबर."

"मला माहीत होतं," मार्गारेटा पाटावरून म्हणाली. "मीच म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग सांग. आधी सांगितलं असतं तर यांची निम्मी मतं गेली असती."

"म्हणजे लोकांना फसवलंत!"

"लोकांना नाही, दादा. फक्त नवऱ्याला."

काहिलीभोवतीची दोन-चार माणसं हसली. डॅनिएल हसला नाही. "योस्ट, मी वीस कोठारांत उभा राहून सांगितलं की माझा भाऊ शाळा बंद पाडेल. आणि त्याची पोरगी त्याच शाळेत छडी घेऊन उभी? मी काय तोंड दाखवू?"

"छडी मी घेणार नाही, काका," बार्बरा म्हणाली.

"तू गप्प बस!"

"का गप्प बसू? ऐका तरी. मी जर्मन शिकवणार आहे. इंग्रजीपण. दोन्ही. समितीला मी तसंच सांगितलंय."

"आज दोन्ही. उद्या एकच," डॅनिएल म्हणाला. "मी पाहिलंय. आधी शाळा इंग्रजी होते, मग दुकान, मग चर्च. मग एक दिवस पोरगा येतो आणि त्याचं नावच वेगळं असतं."

विहिरीवरून पीटर पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो वडिलांच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाबा, एक सांगू? तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही."

"सांग. मला कुठे जाता येतंय हा दांडा सोडून."

"मी फिलाडेल्फियाला गेलो तेव्हा मला इंग्रजी धड येत नव्हतं. पाटी रंगवणाऱ्याने झिमरमान तीन वेळा चुकीचं लिहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, याचा अर्थ काय तो सांग, तेच लिहितो. मी सांगितला. त्यानं लिहून टाकलं. मला नको होतं ते. पण मला भांडता आलं नाही. भांडायला शब्द नव्हते माझ्याकडे. मी नुसता मान हलवत उभा राहिलो." त्याने टोपी हातात घेतली होती. "मला इंग्रजी येत होतं म्हणून नाव गेलं नाही, बाबा. येत नव्हतं म्हणून गेलं."

 दांडा फिरत राहिला, आणि योस्टला जाणवलं की आता सगळा जोर आपण एकटेच लावतोय. दादाचे हात नुसते दांड्यावर ठेवलेले होते.

"सहा वर्षं झाली," डॅनिएल शेवटी म्हणाला. "पाटी बदलता येत नाही होय रे?"

"येते. आता लोक त्या नावाने ओळखतात."

"हं."

तेवढ्यात लिडिया उठली. तिने पदरासारखा खोचलेला ॲप्रन सोडला, हात पुसले आणि बार्बरासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या विरुद्ध चार माणसांत ती कधी बोलली नव्हती, आणि आता बोलणार म्हटल्यावर तिचे कान लाल झाले होते.

"त्या शाळेत मोठ्या माणसांना घेतात का गं?"

"काकू?"

"मी मागच्या बाकावर बसेन. कुणाला अडचण नाही करणार. माझी नात माझ्या घरात बूट चावतात म्हणून रडते आणि मी तिला मांजर नेऊन देते. महिनाभर काय करू मी? तिच्या आईनं मागच्या खेपेला माझा हात धरून काहीतरी सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी 'हो हो' म्हटलं. काय सांगत होती, देव जाणे!"

"आई, ती म्हणत होती, तुझ्यासारखी सासू मिळाली हे तिचं नशीब," पीटर म्हणाला.

"हे तू मला आत्ता सांगतोस? दोन वर्षांनी?" लिडियाने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली आणि मग ॲप्रन डोळ्यांना लावला. मार्गारेटाने तिला जवळ घेतलं. डॅनिएल आपल्या बायकोकडे असा बघत होता, जणू रोजच्या वाटेवर आज कुणी नवं घर बांधलंय.

पुढच्या पाळीला पीटर आणि बार्बरा लागले. योस्ट हात झाडत गाडीकडे गेला. त्याला जरा एकटं राहायचं होतं. त्याच्या डोक्यात अग्रलेख तयार होता, नेहमी असायचा: दादा बरोबर, शब्द दिलेला पाळायचा, भाषा राखायची. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि तरी आज ती वाक्यं नीट उभी राहत नव्हती.

गाडीपाशी कास्परची नात उभी होती, अकराएक वर्षांची, हाडापेराने मोठी. तिने गठ्ठ्यातला एक अंक उलगडून समोर धरला होता.

"योस्टकाका, यात तुमचं नाव आलंय ना? आजोबा म्हणाले, मोठ्या अक्षरात आलंय. कुठंय?"

तिने अंक उलटा धरला होता.

योस्टने तो अलगद फिरवून तिच्या हातात दिला. "हे बघ. हे माझं नाव."

"हे सगळं?"

"हे सगळं. तुला मुळाक्षरं नाही आली?"

"गुरुजी वारले ना. तेव्हा मी 'फ'पर्यंत आले होते, सहाव्या अक्षरापर्यंत." तिने आपल्या बोटाने त्याच्या नावातली अक्षरं चाचपली. "यात 'फ' नाही."

चर्चच्या शाळेतले म्हातारे मूट गुरुजी दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. योस्ट त्यांच्याच हाताखाली शिकला होता, डॅनिएलही. त्यांच्यावर त्याने सुंदर मृत्युलेख लिहिला होता. लोक रडले होते. त्यांच्या जागी कोण, यावर मात्र एक ओळही लिहिली नव्हती. शाळेला कुलूप होतं आणि तो इंग्रजी शाळेविरुद्ध लिहीत होता. खोऱ्यातल्या दहा वर्षांच्या पोरांना त्याच्या वर्तमानपत्रातलं त्याचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. अजून पंधरा वर्षांनी 'निरोप्या' घेणार कोण होतं?

जेवणं अंगणातच झाली. धुरावलेलं डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, सुक्या सफरचंदांत शिजवलेले कणकेचे गोळे. पानं उठायच्या आत कास्पर हिल्बर्टने टेबलावर मूठ आपटली.

"भाषण! आमदार जेवला आणि बोलला नाही असं कुठे होतं का?"

"बोल रे योस्ट! शाळेवाल्यांची एकदा जिरव!"

योस्ट बाकावर चढला. दांडा धरून डॅनिएल पुन्हा काहिलीपाशी उभा होता, या वेळी लिडियाबरोबर. योस्टने आधी तिकडे पाहिलं.

"मंडळी, तुम्ही मला मतं दिलीत ती शाळेचा कायदा मोडायला," तो म्हणाला. "मी तसं वचन दिलं होतं. माझ्या भावानेही दिलं, माझ्या सांगण्यावरून. आज मला तुम्हाला सांगायचंय की मी ते पाळणार नाही."

कुणीतरी हसलं. विनोद असावा असं वाटून.

"थट्टा नाही करत. मी हॅरिसबर्गला जाऊन सांगणार की शाळा राहू द्या. पण आमच्या गावात आमच्या भाषेतही शिकवायचा हक्क कायद्यात लिहा. इंग्रजी शिकवा, जर्मन शिकवा. दोन्ही शिकवा."

"अरे, तू शब्द दिलास!" कास्पर उठला.

"दिला होता."

"आणि दोन दिवसांत फिरवलास? निदान तिथे पोचेपर्यंत तरी थांबायचं! बाकीचे तिथे जाऊन बदलतात!"

या वेळी खरंच हशा पिकला, आणि त्यातच आरडाओरडाही सुरू झाला. कुणी म्हणालं, पट्टी कोण भरणार, तुझा बाप? कुणी म्हणालं, पोरीच्या पगारासाठी सगळं चाललंय. एका बाजूने अर्धं खाल्लेलं सफरचंद आलं आणि योस्टच्या कानाजवळून गेलं.

"कास्पर," योस्ट आवाज चढवून म्हणाला, "तुझी नात वाचू शकते का?"

"तिचा काय संबंध?"

"'फ'पर्यंत येतं तिला. पुढे नाही. माझ्या वर्तमानपत्रात आपल्या भाषेसाठी मी एवढं रडलो आणि तिला ते उलटं की सुलटं कळत नाही. इंग्रजांनी नाही केलं हे. कुलूप आपणच लावलं शाळेला आणि किल्ली घेऊन बसलो. मी सगळ्यात पुढे." तो थांबला. "आणि अजून एक. हॅरिसबर्गला इंग्रजीत बोलावं लागतं. मला ते नीट येत नाही. माझी बायको सोडून हे कुणाला माहीत नाही."

"आता सगळ्यांना माहीत झालं," मार्गारेटा कपाळावर हात मारून म्हणाली.

"तुम्ही तुमच्या भाषेसाठी भांडायला मला पाठवताय, आणि मी तिथे मुका. अशी माणसं पाठवून भाषा टिकते का? आमदारकी एका वर्षाची आहे. पुढच्या ऑक्टोबरात मला पाडा. पण हे वर्ष मी असंच मत देणार, आणि ते आज तोंडावर सांगतोय, मागून नाही."

तो बाकावरून उतरला. कास्पर तरातरा डॅनिएलकडे गेला.

"डॅनिएल! तू आला होतास माझ्या कोठारात. तू हात हातात घेतलास माझा. बोल आता!"

डॅनिएल ढवळत होता. लिडिया समोरून त्याच्याकडे बघत होती, दांड्यावर दोघांचे हात एकामागे एक. योस्टला वाटलं, दादा आता दांडा सोडून घरात जाईल आणि दार लावून घेईल.

"आलो होतो," डॅनिएल म्हणाला. "मत मी मागितलं. तेव्हा शिव्या द्यायच्या त्या मला दे. त्याला नको देऊस. त्याला मीच देणार आहे, घरात, सवडीनं."

"म्हणजे तुला हे पटलंय?"

"कुणी सांगितलं? मला काही पटलेलं नाही. पट्टी अन्याय आहे आणि मी सभेत विरुद्ध हात वर करणार आहे." त्याने दांडा एकदा तळापासून खरवडून फिरवला. "पण त्यानं तोंडावर सांगितलं. गेली वीस वर्षं आपण ज्यांना निवडून दिलं त्यांतल्या एकानं तरी कधी परत येऊन तोंडावर काही सांगितलं? नाव घे."

कास्परला नाव सापडेना. तो योस्टकडे वळला.

"माझी वर्गणी बंद. आजपासून."

"बरं."

"हे सगळं छापणार आहेस का पुढच्या अंकात?"

"शब्दन् शब्द."

"मग तेवढा अंक पाठव," कास्पर म्हणाला. "त्यानंतर बंद. आणि माझी बरणी भरून ठेवा. ती मी घेणार."

तिसऱ्या प्रहरी लवंग-दालचिनी पडली आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला. निम्मी माणसं फुरंगटून आधीच निघून गेली होती, पण वासाने त्यांतली काही परत आली. लाटवेर्क काळंभोर, दाट झालं. लिडियाने बशीत थेंब टाकून बशी उपडी केली. थेंब हलला नाही. "उतरवा," ती म्हणाली. करपलं नव्हतं. सगळ्या दिवसात हीच एक गोष्ट सर्वांना एकदम मान्य झाली.

मातीच्या बरण्या भरून झाल्यावर दोघे भाऊ रिकाम्या काहिलीपाशी उरले. डॅनिएल गवताच्या वेणीने तांबं घासत होता.

"पुढच्या वर्षी मी तुला मत देणार नाही," तो म्हणाला.

"नको देऊस."

"सांगून ठेवतो. उगाच आशा नको."

"नाही ठेवत, दादा."

डॅनिएलने थोडा वेळ घासलं. "पण विरुद्ध प्रचार नाही करणार. घोडी थकलीये."

योस्ट हसला. डॅनिएलच्या मिशीखालीही काहीतरी हललं. "तुला खरंच बोलता येत नाही तिथलं?"

"'अध्यक्ष महाराज' येतं."

"मग डिसेंबरच्या अधिवेशनापर्यंत शिकून घे. आमच्या खोऱ्याचा माणूस मुका म्हणून हसायला नको कुणी." त्याने वेणी फेकली. "पोराला विचार. पीटरला. तो अजून चार दिवस आहे. चांगलं बोलतो म्हणे."

घरातून लिडियाने जेवायला हाक मारली. पीटर, बार्बरा, मार्गारेटा आत गेली. फेबी मात्र गोठ्याच्या दारात वासराजवळ बसून राहिली होती. लिडियाने दोनदा बोलावलं. पोरीने मान हलवली आणि वासराच्या गळ्यात हात घातला. "राहू दे थोडा वेळ," आतून कुणी म्हणालं.

योस्ट मांस धुरवायच्या खोलीमागे हात धुवत होता. त्याला दिसलं की डॅनिएल अंगणाच्या मधोमध थांबलाय. त्याने घराकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं. कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि मग तो गोठ्याच्या दारात जाऊन पोरीसमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"ये," डॅनिएल झिमरमान इंग्रजीत म्हणाला. उच्चार भयंकर होता. "आजोबा. घर. खाऊ... गोड. वासरू झोपणार. उद्या पुन्हा वासरू."

फेबीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग बरंच काही विचारलं, एका दमात.

त्यातलं डॅनिएलला बहुधा काही कळलं नसावं.  "हो," तो इंग्रजीत म्हणाला. "हो. हो."

पोरीने वासराला सोडलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकले. तो तिला उचलून उठला आणि वळला, तर समोर योस्ट.

 डॅनिएलचे कान लाल झाले होते.

"हे छापलंस तर," तो म्हणाला, "तुझं डोकं त्या काहिलीत घालीन."

"काय छापू?" योस्ट म्हणाला. "मला कुठे कळतं इंग्रजी?"

आणि तो दादाच्या पुढे होऊन त्याच्यासाठी दार उघडायला गेला, कारण त्याचे हात भरलेले होते.